सुमनची काकडी

मी माझ्या सख्ख्या बहिणीला केळीचे रोगट कंद दिले. चुकून नाही. माहीत असताना दिले.

हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला विडीसुद्धा लपवता आलेली नाही. माझे बाकीचे गाढवपणे मी पारावर बसून स्वतःच रंगवतो. भुसावळला जायला निघालो आणि सुरतेच्या गाडीत बसून दोंडाईच्याला उतरलो, हे तर गावातल्या पोरांनाही पाठ आहे. हे एवढं मात्र दर वेळी वगळत आलो.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. यावलजवळची माझी बाग बघायला लोक लांबून यायचे. त्या वर्षी तालुक्यात हरण्या रोग आला. पानांवर पिवळे पट्टे उठतात, मग वरचा पोंगा, म्हणजे न उलगडलेलं कोवळं पान, आतून सडतो. औषध नाही. झाड उपटायचं, पुरायचं, खड्ड्यात चुना टाकायचा आणि त्या बागेतला कंद कुणाला लावायला द्यायचा नाही. हे गावोगाव सांगत कोण फिरत होतं? मीच. बागेच्या तोंडाशी मी चुन्याच्या पाण्याचं घमेलं ठेवलं होतं. येणाऱ्याने पाय बुडवूनच आत यायचं. त्याने रोग थांबायचा की नाही कोण जाणे, माझा रुबाब मात्र वाढायचा.

मग एका सकाळी विहिरीकडच्या रांगेत पट्टे दिसले. माझ्याच बागेत.

काय केलं असेल मी? विळा घेतला आणि पानं कापली. झाडं नाही — पानं. दुपारी पाहुणे आले, त्यांना तीच बाग दाखवली. उन्हाळ्यात पट्टे आपोआप मावळले आणि रोग गेला असं मला वाटलं. म्हणजे — वाटून घेतलं.

माझी धाकटी बहीण सुमन शिरपूरकडे दिलेली. तिच्या सासऱ्यांना, आबांना, कापूसच हवा होता. तिने पहिल्यांदाच त्या घरात तोंड उघडलं, केळी लावू म्हणाली. "माझ्या भाऊच्या बागेतले कंद आणते," एवढ्या एका शब्दावर तिने त्यांना वळवलं. पावसाच्या तोंडावर ती ट्रक घेऊन आली. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? दुसरीकडचे घे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग तिने विचारलं असतं, का? मी कंद भरून दिले. वर नारळही ठेवला.

भाद्रपदात तिच्या बागेत पट्टे उठले. आबांनी मला बोलावलं — जाणकार म्हणून. मी रांगारांगांतून हिंडलो. एका नजरेत कळलं होतं, तरी हिंडत राहिलो. कडेला सुमनने पोरांसाठी काकडीचे वेल लावले होते. काकडीवरून हा रोग केळीवर येतो, हे खरं आहे. मीच भाषणात सांगायचो. खोट्याला इतकं चांगलं खरं कुठे मिळतं? मी बोट दाखवलं. "हे वेल. इथूनच आलं."

आबा सुनेकडे न बघता म्हणाले, "सूननी काकडीनी बाग खाई टाकी."

सुमनने ते वेल तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने उपटले. हाताएवढ्या काकड्या लागल्या होत्या.  

बाग खणून काढली. कापूस परत आला. त्या घरात पुन्हा तिला कुणी काही विचारलं नाही. दूध नासलं, लग्न मोडलं, मोटर जळली, की म्हणायचे — सुमनची काकडी. तिच्यादेखत, ती वाढत असताना. एकदा त्या पंगतीत मीही होतो. सगळे हसले. मीही हसलो. नुसता ओठांनी नाही, चांगला मोठ्याने.

तिला काही ठाऊक नव्हतं असं वाटावं, अशा बेताने मी इथवर लिहीत आलो. तेही खरं नाही.

तिची बाग पाहून घरी आलो, त्याच आठवड्यात मी माझी विहिरीकडची झाडं एकट्याने खणून काढली होती आणि खड्ड्यांत चुना ओतला होता. पुढच्या आखाजीच्या सणाला सुमन माहेरी आली. बाकीच्या लेकीबाळी झोक्यावर होत्या, ही बागेत गेली. मी मागोमाग गेलो. ती त्या रांगेशी उभी होती. ओळीने न बुजवलेले खड्डे, तळाशी अजून पांढरं.

"रानडुकरांनी नासाडी केली," मी म्हणालो.

तिने वाकून खड्ड्याच्या तळाशी पाहिलं. मग डोक्यावरचा पदर नीट केला.

"भाऊ," ती म्हणाली, "डुकरं चुना बी टाकता का?"