इम्प्रिसाइज

सगळ्यांसमोर मी सरांना थँक्यू म्हणाले. अख्खं ऑफिस हसलं.

ओझरजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी माल तपासते. मायक्रोमीटर लावायचा, माप लिहायचं, चुकीचा पार्ट बाजूला काढायचा. हे काम मला सुपरवायझर सरांनीच शिकवलं. मी हरसूलकडची, मराठी शाळेतली. ते नाशिक रोडचे, इंग्रजी शाळेतले. तरी "तुझा हात पक्का आहे" असं तेच म्हणायचे. मला ते खरं वाटायचं.

त्या दिवशी त्यांनी माझ्या वर्षभराच्या कामाचा शेरा पुढे सरकवला. सगळा इंग्रजीत. मी एका शब्दावर बोट ठेवलं.

"सर, इम्प्रिसाइज म्हणजे?"

"प्रिसाइज म्हणजे अचूक. इम्प्रिसाइज म्हणजे त्याहून अचूक. कर सही."

मी केली. वर थँक्यू.

लोक का हसले, ते कळेना. घरी जाताना बसमध्ये मोबाइलवर शब्द शोधला. अचूक नसलेला. ढोबळ. मोघम. खाली उदाहरणं होती. माप इम्प्रिसाइज असतं, उत्तर असतं. इथं मी होते.

मग सगळं लक्षात आलं. मागच्या महिन्यात गिऱ्हाइकाकडून एक लॉट परत आला होता. त्यातले खराब पार्ट माल पाठवण्याआधीच मी बाजूला काढले होते. सरांनीच ते परत पेटीत भरायला लावले. "एवढं चालतं गं." आता ती चूक माझ्या नावावर. माझ्याच सहीनं.

रडू आलं नाही. तो अर्थ पुन्हा पुन्हा वाचला. ज्यांनी माप घ्यायला शिकवलं, त्यांनीच.

दुसऱ्या दिवशी तपासणीचं रजिस्टर मॅनेजरच्या टेबलावर उघडून ठेवलं. त्या लॉटची मापं, माझ्या अक्षरात. पुढे शेरा : नापास. सर धावत आले.

"माझ्यावरच उलटलीस?"

"तुम्ही खोटा अर्थ सांगितला, सर."

मॅनेजर रजिस्टर मिटत म्हणाला, "बघू नंतर."

"नंतर म्हणजे कधी? तारीख सांगा."

त्यानं सांगितली नाही. मी तिथंच उभ्या उभ्या मराठीत अर्ज लिहिला : मला खोटा अर्थ सांगून सही घेतली, ती मला मान्य नाही. पोच घेतल्याशिवाय हलले नाही.

तो शब्द अजून खोडलेला नाही. सर माझ्याशी बोलत नाहीत. कामावरून काढतील, असं सगळे सांगतात. काढू देत. पण काढायचं कारण मी मराठीत लिहून घेणार. पुरतं वाचणार. आणि खोटं असेल, तर त्यावर माझी सही मिळणार नाही.