दोन सिनेमे आणि एक घोटा

जुना सिनेमा मी आठवीत असताना मार्गासनीला पाहिला. गणपतीत समाजमंदिरात टीव्ही आणून लावला होता. कबड्डीवरचा विनोदी सिनेमा. त्यात बायकांचा एक संघ होता, जेमतेम पाच मिनिटांचा. नऊवारीतल्या सात जणी मैदानात येतात, पहिलीचा पाय पदरात अडकतो आणि बाकीच्या तिच्यावर कोसळतात. गाव लोळून हसलं. मीही हसले. तेवढ्यात माझे चुलते मागं वळून म्हणाले, "बघ गं, तुमचा साळंचा संघ!" मी शाळेच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळायचे. उरलेल्या सिनेमात मला हसू आलं नाही.

आता मी भोरच्या एका शाळेत खेळ शिकवते. त्याच सिनेमाची नवी आवृत्ती काढणारे लोक चित्रीकरणाला भोरला आले आणि आमच्या मुली मागायला शाळेत आले. नव्या गोष्टीत नायिकाच कबड्डी खेळते. आमच्या मुली म्हणजे तिच्याविरुद्धचा संघ. मी एकच अट घातली. हरायला सांगा, हरतील. लोकांना हसवायला पडणार नाहीत. दिग्दर्शक हो म्हणाला. ते हो पडद्यापर्यंत टिकेल की नाही, याची मला खात्री नव्हती.

प्रसंग साधा होता. नायिका चढाईला येणार, डाव्या कोपऱ्यातली आमची पासली गावची मुलगी तिचा घोटा धरणार, नायिका तो सोडवून मध्यरेषा गाठणार. तालमीत पोरीनं तीनदा घोटा धरला आणि तीनदा बरोबर सोडला. कॅमेरा सुरू झाल्यावर मात्र नायिकेला धाप लागली आणि रेषेच्या अलीकडेच तिचं 'कबड्डी कबड्डी' थांबलं. दम तुटला म्हणजे बाद. पोरीनं पकड आणखी आवळली.

दिग्दर्शक 'कट' ओरडला. ती सोडेना.

"अगं, सोड ना पाय!" पालथी पडलेली नायिका म्हणाली.

"ताई, तुमचा दम तुटला."

"ते कट म्हणाले ना!"

"पण शिट्टी कुठं झाली?"

शिट्टी होईपर्यंत पकड सोडायची नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. पंच झालेला नट शिट्टी हातात धरून नुसता हसत होता. शेवटी माझ्या गळ्यातली शिट्टी मी वाजवली. पोरीनं लगेच पाय सोडला आणि हात देऊन नायिकेला उठवलं. मग सगळं पुन्हा, ठरल्याप्रमाणे झालं. नायिका जिंकली.

परतताना टेम्पोत पोरगी म्हणाली, "मॅडम, लई चुकलं का माझं?"

"खेळात नाही चुकलं," मी म्हणाले. सिनेमात ते काय करतील, हे मला सांगता येत नव्हतं.

सिनेमा लागला तेव्हा संघाला घेऊन पुण्याला गेले. खरं सांगायचं तर जुना सिनेमा उजवा आहे. त्यातले नट नुसते उभे राहिले तरी हसू यायचं. नव्यात प्रत्येक विनोदाआधी वाद्यं वाजून सांगतात, आता हसा. दोन गाणी काढली असती तरी चाललं असतं.

मग आमचा प्रसंग आला. मी पडद्यापेक्षा पोरीकडेच जास्त बघत होते. ठरल्याप्रमाणे जिंकलेली चढाई त्यांनी घेतलीच नव्हती. पहिलीच ठेवली होती, माझ्या शिट्टीसकट. "पण शिट्टी कुठं झाली?" ऐकून अख्खं थिएटर हसलं. पोरीला नाही, पालथ्या पडलेल्या नायिकेला. शिट्टी वाजल्यावर टाळ्याही पडल्या. पोरगी ओढणी तोंडावर धरून हसत होती आणि मी बऱ्याच दिवसांनी ताठ बसले होते.

पुढे तो सिनेमा मोबाईलवर आला, तेव्हा मार्गासनीला जाऊन चुलत्यांना दाखवला. आता ते थकलेत, जीभ मात्र तीच.

"जुन्याची सर न्हाई याला."

"नाही," मी म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "ही कोन पाय धरून बसलीय?"

"माझ्या संघातली. डावा कोपरा."

प्रसंग संपल्यावर ते मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाले, "तेवढंच पुन्यांदा लाव."