हिरवी वायर
वायर सोलताना प्लॅस्टिकचा तो वास आला की मला दादा आठवतो. नसरापूरजवळचा मोटारपंपांचा कारखाना वाढला, भरती निघाली, तेव्हा शेरडं शेजाऱ्यांवर सोपवून दादा मुलाखतीला निघाला. मी नुसती सोबतीला. साहेबांनी लाल-हिरव्या वायरींचा गुंता पुढं ठेवून रंग वेगळे करायला सांगितलं. समोरच्या डोंगरावरची आपली शेळी नेमकी ओळखणारा दादा तिथं घुटमळला आणि हळूच मला म्हणाला, "ह्यातली हिरवी कंची गं? मला समद्या सारख्याच दिसत्यात." ते साहेबांनी ऐकलं. मला म्हणाले, "तू बघ बरं." मी चटाचट निवडल्या. परतताना एसटीत तो एवढंच बोलला, "तू तरी नोकरीला लागलीस, लई झालं." अजून तो शेरडंच राखतो. डोंगरावरचं गवत त्याला कसं दिसतं, हे मी कधीच विचारलं नाही.