शफीकचा तराजू आणि मोर्शीचा वाघ

अकोल्याच्या जठारपेठेत शफीकचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. गणपती आणि बिस्मिल्ला, दोन्ही त्याच्या संगणकात शेजारीशेजारी नांदत, आणि एकाच्या जागी दुसरं त्यानं कधी छापलं नाही. पण गिऱ्हाईक पत्रिका न्यायला आलं की तो तोंड पाडून म्हणायचा, "काका, सगळ्या पाव्हण्याइची नावं आली. फक्त नवरदेवाचं राह्यलं." काकांचा चेहरा उतरला की तो थोडा वेळ मनसोक्त पाहून घ्यायचा आणि मग बिनचूक पत्रिका पुढे सरकवायचा. मागे लिफाफे चिकटवत बसलेली त्याची बायको परवीन न बघताच म्हणायची, "एक दिन मार खाओगे."

त्या वर्षांत कापसानं वऱ्हाडाचं कंबरडं मोडलं होतं. लग्नं थांबली नव्हती, पण एकत्र व्हायला लागली होती. सामूहिक विवाहाची एकच पत्रिका निघायची. तीत जोडप्यांची नावं इतकी, की मजकूर रेल्वेच्या आरक्षणाच्या तक्त्यासारखा दिसायचा. दुकानाला मात्र काम मिळायचं एकाच लग्नाचं. त्यामुळे शफीकजवळ वेळ उरायला लागला, आणि त्याच्यासारख्या माणसाजवळ वेळ उरणं आजूबाजूच्यांसाठी बरं नव्हतं.

त्या रिकाम्या वेळात बंडू आला. तो दर्यापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये संगणकावर बसायचा. आला होता स्वतःच्या लग्नाची पत्रिका करायला, पण जाताना शफीकला इंटरनेटवरचा एक खेळ लावून गेला. खेळात प्रत्येकाला एक गाव मिळायचं, आणि बहुतेक जण त्याला आपल्याच गावाचं किंवा पेठेचं नाव द्यायचे. गावाला तटबंदी घालायची, कोठार भरायचं, फौज उभी करायची आणि ती दुसऱ्याच्या गावावर पाठवून त्याचं कोठार लुटायचं. फौजेला पोचायला काही तास लागत आणि वाटेत ती आपलंच धान्य खायची. खेळ परदेशी, नाव इंग्रजी, पण वऱ्हाडातले खेळणारे त्याला 'सल्तनत' म्हणायचे. त्यांचा इंटरनेटवर एक गट होता आणि तिथं ते दिवसभर आपल्या भाषेत भांडायचे.

शफीक पहिल्या दोन-तीन लढायांत सपाटून हरला. दुसऱ्याच्या भिंतीला किती शिपाई लागतील, याचा अंदाजच येईना. मग त्यानं पत्रिकांच्या मधल्या वेळात हिशोबाची एक चौकट तयार केली. आपलं नाव आणि शिपाई भरा, समोरच्याची भिंत भरा, अंतर भरा. जिंकणार की हरणार, किती परत येणार, किती धान्य लागणार, सगळं खाली दिसेल. चौकट बरी चालतेय म्हटल्यावर त्यानं ती इंटरनेटवर चढवली आणि नाव दिलं 'तराजू'. खाली एक रकाना ठेवला, 'चूक दिसली तर सांगा'. त्याला वाटलं होतं, लोक तिथं शाबासकी लिहितील.

लोकांनी रकान्याचा शब्दशः अर्थ घेतला. बंडू म्हणाला, अक्षरं मोठी करा, जिनिंगच्या संगणकावर कापसाचा भुसका बसते अन् काही दिसत नाही. अंजनगावच्या एकानं लिहिलं, 'पराभव निश्चित' असं वाचून जीव खचतो, जरा आपुलकीनं सांगत जा. शफीकनं ते काढलं आणि त्या जागी लिहिलं, 'भाऊ, घरीच बसा'. ते सगळ्यांना आवडलं. मग कुणीतरी म्हणालं, लाइन कधी जाते तेही तराजूत टाका.

लाइनचं प्रकरण असं, की खेड्यांत तेव्हा दिवसाचा मोठा भाग वीज नसायची. भारनियमनाच्या वेळा पेपरात यायच्या. शफीक त्या कापून संगणकाशेजारी चिकटवायचा आणि समोरच्याच्या गावची लाइन गेली की फौज धाडायचा. दर्यापूर अंधारात गेलं की बंडूचं कोठार साफ. बंडू फोनवर ओरडायचा, शफीक म्हणायचा, "मी काय केलं? कंपनीनं लाइन नेली, मी धान्य नेलं." आता लोकांनी मागणीच केली म्हटल्यावर त्याला वेळा सगळ्यांसाठी उघड्या कराव्या लागल्या. पोट दुखलं, पण केलं.

आणि मग रकान्यात मोर्शीचा वाघ उतरला.

खेळातलं नावच तसं होतं, 'मोर्शीचा वाघ'. पहिला निरोप आला, 'तुमच्या तराजूत कोठार दरवर्षी भरते. कोणत्या देशाचे हा तुमी?'

खेळात अधूनमधून दुष्काळ पडायचा. न सांगता यायचा आणि पीक निम्म्यावर आणायचा. शफीकनं उत्तर दिलं, दुष्काळ सरासरीत धरलेला आहे.

वाघाचं उलट उत्तर आलं, 'सरासरीनं फौज जेवत नाही.'

शफीक हसत सुटला आणि परवीनला वाचून दाखवलं. परवीन हसली नाही. "सही तो बोल रहा है," म्हणाली आणि लिफाफा चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्यानं प्रत्येक उत्तराचे दोन भाग केले, एक 'पिकलं तर' आणि एक 'नाही पिकलं तर'. गटात त्या सुधारणेचं इतकं कौतुक झालं, की सल्तनत न खेळणारी माणसंही येऊन पाहून गेली.

वाघ मात्र प्रत्येक वेळी बरोबर नसायचा. एकदा लिहिलं, घोडदळाचा हिशोब साफ चुकलाय. शफीकनं दोन दुपारी घालवून सगळी सूत्रं तपासली, चूक सापडेना. शेवटी वाघानंच कळवलं, 'माह्यं बोट हत्तीवर पडलं होतं. तुमी हत्ती अन् घोडा दूर दूर ठेवत जा.' म्हणजे चूक तरीही शफीकचीच. त्यानं मुकाट्यानं हत्ती खालच्या ओळीत नेला.

हळूहळू त्याला या वाघाच्या निरोपांची सवय लागली. सकाळी दुकान उघडलं की आधी रकाना बघायचा. वाघानं सुचवलं, बाहेर गेलेली फौज परत कधी येईल ते दाखवा. शफीकनं दाखवलं. वाघानं सुचवलं, फौज बाहेर असताना भिंत किती कच्ची होते ते दाखवा. शफीकनं तेही दाखवलं. वर हौसेनं विचारलं, आणखी काही? वाघ म्हणाला, 'सध्या इतकं पुरे.'

पुढच्या शुक्रवारी शफीकनं दर शुक्रवारसारखी सकाळीच अंजनगाववर फौज धाडली आणि दुपारी जुम्म्याच्या नमाजला गेला. परत येऊन बघतो तर त्याच्या गावाची भिंत पडलेली, कोठारात उंदराला पुरेल इतकंही धान्य नाही. खाली निरोप होता, 'तुमचा तराजू बराबर हाये. एक पोतं बी इकडं तिकडं नाही झालं. उपकार झाले.'

शफीकनं निरोप दोनदा वाचला. फौज परत यायची वेळ, कच्ची भिंत, सगळं त्यानंच बनवून दिलं होतं, आणि ते त्याच्यावरच चालवलं गेलं होतं. परवीनला सांगितलं तर तिला लिफाफे खाली ठेवून हसावं लागलं. "इतने दिन से तुम ही पूछ रहे थे, और कुछ चाहिए क्या," ती म्हणाली.

आता गप्प बसेल तो शफीक कसला. त्यानं तराजूत एक बारीक खोट करून ठेवली. वाघाच्या नावानं कुणी हिशोब केला, की समोरची भिंत हिशोबात भरली त्यापेक्षा कमी धरायची. वाघ एकदा फसला की झालं, मग काढून टाकू. दोन दिवस तो गाणी गुणगुणत पत्रिका करत होता.

वाघानं मोठी फौज धाडलीच नाही. आधी मूठभर शिपाई धाडून पाहिले, ते मेले. मग बंडूला तोच हिशोब करायला लावला आणि उत्तर वेगळं आलेलं पाहून गटात सगळ्यांसमोर लिहिलं, 'तराजू बंडूले एक सांगते अन् मले दुसरं. बहुतेक मोर्शीची हवा वेगळी असन.'

झालं. गटात गिल्ला उठला. ज्याची त्याची जुनी हार बाहेर आली. अंजनगाववाला म्हणाला, म्हणूनच माझे शिपाई गेले. ज्यानं तराजू कधी उघडलाही नव्हता, तोही म्हणाला, माझेही त्यानंच गेले. शफीकनं ती खोट काढून टाकली आणि तसं लिहूनही टाकलं, की फक्त वाघासाठी केली होती, इतरांची उत्तरं खरीच होती. कुणी विश्वास ठेवीना. रकाना रिकामा राहू लागला. सकाळी दुकान उघडून तो बघायचा आणि तिथं शिवीसुद्धा नसायची. हे त्याला फार लागलं. दुकानात आलेल्या नवरदेवाच्या बापाला त्यानं सरळ पत्रिका हातात दिली, तेव्हा परवीननं विचारलं, "तबीयत ठीक है ना?"

बऱ्याच दिवसांनी एक निरोप आला, वाघाचाच. 'उत्तर देता, पण कसं काढलं ते दाखवत नाही. मांडणी दाखवा. ज्याले पटन तो वापरन.'

शफीकनं त्या आठवड्यात दुसरं काही केलं नाही. प्रत्येक उत्तराखाली पूर्ण हिशोब उघडा केला, इतके शिपाई, इतकी भिंत, हा गुणाकार, ही वजाबाकी. कुणीही कागदावर करून पाहावं. बंडूनं जिनिंगमध्ये बसून करून पाहिलं, अंजनगाववाल्यानं पाहिलं, आणि त्यांना एक खरीखुरी चूक सापडलीही, तीरंदाजांच्या हिशोबात. शफीकला इतका आनंद झाला, की त्यानं बंडूचे फोनवर आभार मानले. बंडू घाबरला. त्याला वाटलं, यात काहीतरी नवीन डाव आहे.

गट पुन्हा भरला. कुणीतरी म्हणालं, एकदा सगळे भेटू. अमरावती सगळ्यांच्या मध्ये पडते म्हणून राजकमल चौकाजवळचं एक हॉटेल ठरलं. टेबल सांगून ठेवण्याचं काम वाघानं घेतलं.

शफीक आणि बंडू एसटीनं गेले. वाटभर वाघ कसा असेल याचीच चर्चा. बंडूच्या मते मोठ्या मिशांचा, तालमीतला. शफीकच्या मते रिटायर झालेला फौजदार. हॉटेलात अंजनगाववाला आणि आणखी दोघं-तिघं आधीच बसले होते. चहा आला, वाघ आला नाही. तेवढ्यात पन्नाशीची एक बाई संत्र्यांची पिशवी घेऊन टेबलाशी आली, सोबत कॉलेजातली मुलगी.

बंडू उठून अदबीनं म्हणाला, "काकू, हा टेबल घेतलेला हाये."

"मले मालूम हाये," बाई म्हणाल्या. "मीच सांगून ठेवला." आणि बसल्या.

मुलगी हसत म्हणाली, "मी प्राजक्ता. ही माझी आई, रुख्मिणी. तुमचा वाघ."

हकीकत अशी निघाली, की खेळातलं गाव मुळात प्राजक्ताचं होतं. ती शिकायला अमरावतीला आली, संगणक मोर्शीला घरीच राहिला. जाताना आईला म्हणाली, सकाळ-संध्याकाळ माझ्या गावाकडे लक्ष ठेवजो. तुळशीला पाणी घालावं तसं रुख्मिणीबाईंनी लक्ष ठेवलं. मग कुणीतरी एका दुपारी कोठार लुटलं. त्या वर्षी बागेतली संत्र्याची झाडं वाळत चालली होती. तिथं काही हातात नव्हतं. इथं होतं. सुट्टीत प्राजक्ता घरी आली तेव्हा तिच्या गावाचं साम्राज्य झालं होतं आणि आई तिला त्याला हात लावू देईना.

"पण लिहिण्यावरून कधी समजलं नाही," अंजनगाववाला म्हणाला.

"काय समजन? आमच्या इकडं बाया बी 'मी जातो, मी करतो'च म्हणतात," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "तुमीच वाघाले मिशा लावल्या."

शफीकनं मनात घोळत असलेलं विचारलंच. "काकू, नमाजच्या टायमाले येणं बरं होतं काय?"

"तुमी लाइन गेल्यावर येत होते. ज्यानं पहिल्यांदा लुटलं तो कोण, पाह्यलं मी. मोर्शी अंधारात होती अन् फौज जठारपेठेची होती. म्हणून मग मी जुम्म्याले आली." मग संत्रं सोलून त्याच्या पुढ्यात ठेवत म्हणाल्या, "धान्य काही परत भेटणार नाही, भाऊ."

शफीकनं संत्रं खाल्लं. परत जाताना त्यानं बंडूला सांगितलं, की असा मार त्याला आजवर कुणी दिला नव्हता, आणि हे तो चक्क खुशीत सांगत होता.

त्यानंतर मोर्शी आणि जठारपेठ एका बाजूनं खेळू लागले. रुख्मिणीबाई फोन करून चुका सांगायच्या, परवीनशीही बोलायच्या, आणि कधीकधी दोघींचं बोलणं इतकं लांबायचं की तराजूचा विषय निघायचाच नाही.

तराजू पुढे पुण्यापर्यंत पोचला. तिथल्या गटाच्या सेनापतीनं रकान्यात लिहिलं, 'तराजूत जागोजागी हाये लिहिले आहे. असा शब्द मराठीत नाही. कृपया भाषा सुधारावी.' शफीकनं ते फोनवर रुख्मिणीबाईंना वाचून दाखवलं. दोघांनी मिळून एक बटण बनवलं, 'शुद्ध'. ते दाबलं की 'भाऊ, घरीच बसा'च्या जागी यायचं, 'प्रस्तुत आक्रमणात आपल्या सैन्याचा सर्वनाश संभावतो. सबब स्वगृही विश्राम करावा.'

मग पुण्याच्या गटाशीच लढाई जुंपली. बंडूनं हळूच सुचवलं, पुणेकरांपुरता तराजू जरा हलका करा. रुख्मिणीबाई फोनवर इतकंच म्हणाल्या, "मंग मी खेळणं सोडतो." शफीकचा हात तसाही उठला नसता. सरळ हिशोबानं लढले. निम्मी फौज गेली, एक कोठार हाती लागलं, आणि बंडूनं जिनिंगमध्ये पेढे वाटले.

संध्याकाळी रकान्यात हरलेल्या सेनापतीचा निरोप होता. शफीकला वाटलं, आता रडगाणं येणार. लिहिलं होतं, 'शुद्ध बटणात संभवतोऐवजी संभावतो असे पडले आहे.'

शफीकनं बटण दाबून पाहिलं. पडलं होतं खरंच. त्यानं परवीनला दुकान बंद करायला जरा थांबायला सांगितलं आणि ते दुरुस्त करून टाकलं.