माझ्या खानावळीतली रांग

सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या निघाल्या आणि बाहेरगावची मुलं पुण्यात लोटली, तेव्हाची गोष्ट. माझ्या खानावळीत दुपारी पार जिन्यापर्यंत रांग लागायची. रोज जेवायला येणारा एक जण विद्यापीठात सिस्टीम्स इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करत होता. म्हणाला, "काकू, तुमची रांग मी घालवून दाखवतो." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आठवडाभर तो स्टॉपवॉच घेऊन तव्यापाशी बसला. मग कागदावर चौकोन आणि बाण काढून मला समजावलं, "सगळं पोळीपाशी अडतंय. पोळ्या अकरालाच करून डब्यात भरून ठेवा."

"अरे, गार होतील ना."

"गार-गरम मी मोजलेलं नाही, काकू. मी वेळ मोजलाय."

शिकलेला माणूस, म्हणून ऐकलं. रांग खरंच गेली. पण महिनाभरात जेवणारेही निम्मे गेले, आणि हाही दिसेना. एक दिवस भाजी आणायला निघाले, तर हा कोपऱ्यावरच्या दुसऱ्या खानावळीच्या रांगेत उभा.

"काय रे, इथे कसा?"

"इथे तव्यावरची पोळी मिळते, काकू."

"आणि ही रांग?"

"एवढं चालतं हो."

मी भाजी घेऊन परत आले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा माणूस बसला की पोळी तव्यावर टाकायला लागले. त्याच्या प्रबंधात माझ्या खानावळीवर एक आख्खं प्रकरण आहे म्हणे, यशस्वी प्रयोग म्हणून. गेलेली माणसं परत यायला मला वर्ष लागलं, ते मात्र त्यात कुठेच नाही.