पुसलेला देवदूत

गावातल्या चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणत. तिची एकुलती एक पोर लहानपणीच तापाने गेली. फोटो काढू, काढू म्हणता म्हणता राहूनच गेला होता.

चर्चमध्ये जुन्या काळच्या एका नावाजलेल्या चित्रकाराची चित्रं होती. येशूजन्माच्या चित्रात कोपऱ्यातून डोकावणारा एक चिमुकला देवदूत होता. पोरीला पुरून मावशी पुन्हा कामावर आली, तेव्हा तिने वर पाहिलं आणि हातातला झाडू गळून पडला. तेच फुगरे गाल, तेच खट्याळ डोळे. तेव्हापासून केर काढून झाला, की ती बाकावर टेकायची आणि त्या चेहऱ्याशी चार शब्द बोलायची. नवऱ्याला तिने हे कधी सांगितलं नाही. तो सुतार, पोरीचा विषय निघाला, की उठून बाहेर जायचा.

अशी कित्येक वर्षं गेली. मग शहरातून चित्रं साफ करणाऱ्या एक बाई आल्या. पडदा लावून काम चाललं. पडदा निघाला तेव्हा फादर हरखून गेले.

"मावशी, त्या देवदूतावर नंतर कुणीतरी दुसराच चेहरा रंगवला होता. आता मूळ चित्र दिसतंय बघा!"

मावशीने पाहिलं. लांबट तोंडाचा, गंभीर असा कुणी मुलगा होता. देखणा होता, पण परका.

"वरचा रंग कुठे ठेवलात, बाई?"

"ठेवणार कसा? कापसाच्या बोळ्यांनी पुसून काढला. बोळे फेकून दिले." मावशीकडे बघून बाई चपापल्या. "का हो?"

"काही नाही. छान झालंय."

घरी नवरा फळी रंधत होता. "आपली पोर पुन्हा गेली हो," म्हणत ती मटकन खाली बसली आणि धाय मोकलून रडली. त्याने रंधा बाजूला ठेवला.

"देवदूत पुसला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दर रविवारी मी त्याच्यासमोर का बसतो, असं वाटलं तुला?"

लाकडाच्या भुशातच दोघं पोरीबद्दल बोलत बसली. तिचं बोबडं बोलणं आठवलं, रुसणं आठवलं. चेहरा मात्र काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी मावशीने चर्चच्या किल्ल्या फादरांच्या हातात ठेवल्या. "कंबर धरते हल्ली," म्हणाली, आणि वर न बघता बाहेर पडली.