दोन्ही कड्या

मदन महल भागातल्या आमच्या गल्लीतले एक काका कारखान्यात तपासनीस होते. रिटायर झाले, तरी आमच्या घरच्या पोह्यांनाही "रिजेक्ट" म्हणतात.

पाळीव पोपटांसाठी त्यांनी अंगणात खोलीएवढा पिंजरा बांधला. जाळीचं भोक न् भोक मोजलं, तारेची टोकं कानशीने घासली. पक्षी उडून जाऊ नयेत म्हणून एकामागे एक दोन दारं केली. पोपट चोचीने कडी उघडतात, म्हणून दोन्ही दारांना आपोआप पडणाऱ्या कड्या बाहेरून लावल्या.

काल पाहतो तर काका आतच बसलेले, डोक्यावर पोपट.

"काहून काका, आत काय करून राहिले?"

"टेस्टिंग. सकाळपासून. चल, उघड."

मी बाहेरच्या दारातून शिरलो.

"अरे, आधी ते लाव. पोपट उडतील."

मी लावलं. मागे कडी खट्कन पडली.

काकांनी कान देऊन ऐकलं. "अच्छा," ते समाधानाने म्हणाले, "दोन्ही पास."